फूट: एक

तुर्भ्याच्या बॉन्डेड गोदामात
बाहेर मे महिना, आत चौदा अंश.
मी स्वेटर घालून स्टिकर लावते.
मद्यपान आरोग्यास हानिकारक,
एका बाटलीला एक, काठाला काठ.
वाकडा गेला तर एक्साइजचे गुंजाळसाहेब
अख्खी पेटी पुन्हा उघडायला लावतात.

या खेपेला सहाशे.
उंच, हिरव्या, बारीक मानेच्या.
रीसलिंग. कोरडी. एकाच बागेतली.
लेबलावर राजवाडा नाही, मुकुट नाही,
नुसता एक कडा, त्यावर टाचण्या टोचाव्या तशा वेली,
आणि खाली नदीचं वळण, एका दमात ओढलेलं.

"कोरडी म्हंजे?" हणमंतने विचारलं.
हणमंत माथाडी, पाटणकडचा.
"हालतीया तर पाण्यावानी."
म्हटलं, साखर उरत नाही तिच्यात, म्हणून.
तो पेटी टेकवून हसला.
"आमच्यात भाकरीसंगं पातळ कालवण आसतं,
त्याला कोरड्यास म्हणत्यात.
ही बी आमच्याच गावची दिसतीया."

चारच्या सुमारास खालच्या थरातली एक
मानेजवळ तडकलेली निघाली.
पुठ्ठा भिजलेला, वास पसरलेला.
गुंजाळसाहेब फोनवर म्हणाले, मोरीत ओता,
फोटो काढा, फुटीत दाखवा.
आम्ही ओतली.
सगळी नाही.
काचेच्या भीतीने रुमालाची घडी केली,
वर चहाची गाळणी, खाली माझा थर्मास.
झाकणभर तिथेच चाखली.

आधी लिंबाची साल.
मग रॉकेल. खरंच रॉकेल,
रेशनवरच्या कॅनचं बूच काढताना
क्षणभर यायचं तेवढंच.
आणि मग जिभेच्या कडांवर
पाटी.
बालवाडीतली, थुंकीने पुसलेली,
लाकडी चौकटीचा एक कोपरा निखळलेली.
पेन्सिल खाते म्हणून ठाकूरबाईंनी
मला खिडकीपाशी उभं केलं होतं,
आणि तिथेही माझ्या गालात एक तुकडा होता.

स्टिकरचा मजकूर टाइप करताना
आयातदाराचं पत्रक वाचलं होतं मी:
जमीन सगळी पाटीच्या दगडाची.
उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही,
माणसं कमरेला दोर बांधून छाटणी करतात.
पावसाने दगड घसरून खाली आला
तर टोपल्यांत भरून
पुन्हा वर नेऊन टाकतात.

बाबा बावीस वर्षं पारसिकच्या डोंगरावर होते.
कमरेला दोर, हातात पहार,
सुरुंगाची भोकं पाडत.
आमच्या शिरवण्याच्या ओट्यावरून
तेव्हा डोंगराचं जे टोक दिसायचं
ते कुठल्या टॉवरच्या पायात आहे
ते सांगतात ते, बोट दाखवून.
कधी एक टॉवर, कधी दुसरा.

रात्री थर्मास त्यांच्यापुढे ठेवला.
स्टीलच्या पेल्यात दोन बोटं.
एक घोट घेऊन पेला लांब धरला.
"यो काय हाय गो? साखर इसरली का कोन?"
मी कडा सांगितला, दोर सांगितला.
दोराची जाडी विचारली त्यांनी.
मला माहीत नव्हती.
टोपल्यांचं सांगितलं तेव्हा
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
"परत वर?"
हो.
"मजुरी कोन देतं त्याची?"

आईने तव्यावरचा जवळा पुढे सरकवला,
कांदा करपलेला, कोकम जरा जास्तच.
त्यांनी चिमूट तोंडात टाकली, वर एक घोट,
मग पुन्हा चिमूट.
"माशाला बरी हाय," म्हणाले,
आणि पेला माझ्याकडे नाही,
आईकडे दिला.
ती एकदा दाराकडे बघून प्यायली.

सकाळी रजिस्टर उघडलं.
आवक सहाशे. फूट एक.
कारणाच्या रकान्यात हणमंतने आधीच
पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: घसरली.
मी ते शाईने गिरवलं.